भरदिवसा दिवे: जुन्या पिकअपवरच्या डीआरएलची पार्श्वभूमी

कॅनडातल्या ओशावा इथे जनरल मोटर्सचा (जीएम) पिकअप बनवणारा कारखाना होता. १९९० च्या सुमारास तिथे तयार झालेल्या शेवरोले पिकअप काही कॅनडातच खपत, तर काही सीमा ओलांडून अमेरिकेत जात. इंजिन तेच, सांगाडा तोच. फरक एवढाच, की कॅनडातली गाडी सुरू झाली की भर उन्हातही पुढचे दिवे आपोआप लागत आणि अमेरिकेतल्या गाडीचे लागत नसत. आज त्या काळातल्या अमेरिकन पिकअपला डीआरएल, म्हणजे डे-टाइम रनिंग लाइट, बसवायला निघालेला माणूस खरं तर शेजारच्या देशाचा जुना नियम आपल्या गाडीला लावत असतो.

नियमाचं मूळ मात्र कॅनडातही नाही, ते उत्तर युरोपात आहे. तिकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजालगत रेंगाळतो. उजेड असतो, पण समोरून येणारी करडी गाडी करड्या रस्त्यात मिसळून जाते. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरते, शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं. स्वीडनने १९७७ मध्ये एकदम बाराही महिने, सगळ्या रस्त्यांवर. ड्रायव्हरला रस्ता दिसावा हा इथे हेतूच नव्हता. गाडी इतरांना दिसावी, बस्स.

कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक केले. नियमाच्या पहिल्या आराखड्यात वेगळा, मंद दिवा अपेक्षित होता. कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे करून जोरदार विरोध केला आणि शेवटी तडजोड झाली. आहे तोच अप्पर (हेडलाइटचा लांबवर जाणारा झोत) कमी व्होल्टेजवर पेटवा, डिपर (खाली पडणारा झोत) वापरा, नाहीतर इंडिकेटरचे पिवळे दिवे सतत लावून ठेवा, सगळं चालेल. अप्पर वापरला तर ७,००० कँडेलापर्यंत (उजेडाची तीव्रता मोजायचं एकक) मुभा. युरोपीय नियमात डीआरएलची आजची कमाल मर्यादा १,२०० कँडेला आहे. म्हणजे जवळजवळ सहापट! माझ्या मते डीआरएलविषयी पुढे जी काही कुरकुर झाली, तिचं बीज याच तडजोडीत आहे.

ही तडजोड गाडीत कशी उतरली, ते बघण्यासारखं आहे. दोन्ही हेडलाइटचे अप्पर नेहमी समांतर जोडलेले असतात, प्रत्येकाला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. जीएमच्या अनेक गाड्यांत डीआरएलसाठी तेच दोन बल्ब एका रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, एकामागोमाग जोडले जात. करंट एका बल्बातून निघून दुसऱ्यात जाणार, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे व्होल्ट. पण निम्म्या व्होल्टला निम्मा उजेड पडतो असं नाही. फिलामेंट थंडावते, उजेड झपाट्याने घसरतो आणि जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पिवळसर, निवांत. नवा दिवा नाही, नवी काच नाही, फक्त एक रिले आणि थोडी वायर. ड्रायव्हरने हेडलाइटचा स्विच दाबला की रिले सुटतो आणि बल्ब पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतात. गाडी सुरू असताना डीआरएल विझवायचे तर हँडब्रेक लावायचा.

अमेरिकेत अडचण वेगळीच होती. काही राज्यांच्या दिव्यांविषयीच्या जुन्या नियमांत डीआरएल बसतच नव्हते. कॅनडासाठी एक गाडी आणि अमेरिकेसाठी दुसरी बनवणं जीएमला महाग पडत होतं, म्हणून कंपनीनेच परवानगी मागितली. १९९३ मध्ये केंद्रीय वाहन सुरक्षा यंत्रणेने परवानगी दिली, सक्ती केली नाही. १९९५ च्या मॉडेलांपासून जीएमने डीआरएल बसवायला सुरुवात केली आणि १९९७ पर्यंत आपल्या सगळ्या गाड्यांना ते दिले. आरशात मागच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येतो अशा तक्रारी सुरू झाल्या. १९९८ मध्ये तीव्रता टप्प्याटप्प्याने १,५०० कँडेलावर आणण्याचा प्रस्ताव आला, तो २००४ मध्ये मागे घेतला गेला. डीआरएल सगळ्यांनाच सक्तीचे करा ही जीएमची मागणीही २००९ मध्ये फेटाळली गेली. अमेरिकेत आजही सक्ती नाही.

युरोपनेही एका सुरात होकार दिला नव्हता. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये दिवसा दिवे लावायची सक्ती केली आणि २००८ उजाडताच ती गुंडाळली. मोटारसायकलींचा एक दिवा बाकीच्या झगमगाटात हरवून जातो, हा तिथला एक आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०११ पासून युरोपीय संघात कारच्या नव्या मॉडेलांना स्वतंत्र डीआरएल बंधनकारक झाले. तोवर एलईडी हाताशी आले होते. डिपरची जोडी ११० वॉट खाते, एलईडीची जोडी साधारण १०-१५ वॉटमध्ये भागवते.

आपल्याकडे हा विषय आला तो दुचाकींच्या वाटेने. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबरच लागू लागला, स्विच गायब झाला. त्यानंतर कितीतरी दिवस समोरून येणारे लोक हाताची मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ म्हणून खुणावत राहिले.

जुन्या पिकअपकडे परत येऊ. तिच्यावर कुठल्याच देशाचा नियम मागच्या तारखेने लागत नाही, त्यामुळे निवड मालकाची. रिले लावून अप्पर मंद करण्याची कॅनडाची पद्धत स्वस्त पडते आणि गाडीचा चेहरा बदलत नाही. बंपरमध्ये एलईडी बसवायचे तर युरोपीय मापं धरावीत: जमिनीपासून २५ सेंटिमीटर ते दीड मीटर उंची, दोन दिव्यांत किमान ६० सेंटिमीटर अंतर. यातल्या बहुतेक जोडण्यांत मागचे दिवे लागत नाहीत, आणि हा खरा धोका आहे. संध्याकाळी किंवा धुवांधार पावसात पुढे उजेड दिसतो, ड्रायव्हरला वाटतं हेडलाइट चालू आहेत, आणि मागून गाडी पूर्ण काळोखात. कॅनडाने यावर उपाय केला तो थेट सप्टेंबर २०२१ मध्ये, तोही नव्या गाड्यांपुरता. जुन्या गाडीत डीआरएलच्या रिलेवरूनच मागच्या दिव्यांना फ्यूज घालून एक वायर नेता येते. काम करून घ्यायचंच आहे, तर मिस्त्रीला हे त्याच वेळी सांगावं.