रेड गार्डमध्ये भरती: नाव नेमके कुठे अडत असे?

रेड गार्ड म्हणजे १९१७ च्या रशियन क्रांतीतली कामगारांची सशस्त्र पथके. त्या वर्षी पेट्रोग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) कारखान्याच्या फाटकाशी जाऊन हात वर केला की बंदूक मिळे, ही समजूत आधी काढून टाका. भरती ऐच्छिक होती, पण खुली नव्हती.

सगळे अडे ते शिफारशीपाशी. बोल्शेविकांनी सत्ता घेतली त्या ऑक्टोबर उठावाच्या तोंडावर रेड गार्डच्या शहरव्यापी परिषदेने संमत केलेल्या नियमावलीनुसार समाजवादी पक्ष, कारखाना समिती किंवा कामगार संघटना यांपैकी कोणाची तरी शिफारस लागे. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराला समिती हाताशी होती. चार माणसांच्या वर्कशॉपमधल्या बिगरपक्षीय कामगाराने कोणाकडे जायचे? त्याने आधी संघटनेचे सभासद व्हावे, एवढाच मार्ग उरे. त्याआधीचे महिने तर आणखी गोंधळाचे. एप्रिलमध्ये पेट्रोग्राड सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिक प्रतिनिधींच्या मंडळाच्या, नेतृत्वाने रेड गार्डच्या कल्पनेलाच विरोध केला, त्यामुळे शहरभर एकच नियम झाला नाही आणि जिल्हा बदलला की अटीही बदलत. या चालढकलीचा त्रास झाला तो कामगारांनाच.

नाव लागल्यावरचे सरळ होते: १३ जणांचा गट, चार गटांची ५३ जणांची पलटण, तीन पलटणींची १६० जणांची तुकडी, तीन तुकड्यांची ४८० जणांची बटालियन. नायक निवडून दिले जात.

जानेवारी १९१८ मध्ये लाल सैन्य, म्हणजे नव्या सोव्हिएत सत्तेचे सैन्य, उभारण्याचा हुकूम निघाला. त्यातल्या भरतीच्या अटी अशा: वय किमान १८ आणि सोव्हिएत सत्ता मानणाऱ्या संघटनेची शिफारस. ती नसेल तर अशा संघटनांचे निदान दोन सभासद हमीला हवेत. एकाच्या शब्दावर भागत नसे. अख्खी तुकडी एकदम येणार असेल तर सर्वांनी एकमेकांची हमी घ्यायची आणि नाव पुकारून मतदान करायचे. सरकारी खर्चाने राहणे-जेवण, वर महिना ५० रुबल. अवलंबून असलेल्या कुटुंबालाही मदत होती, ती स्थानिक प्रमाणानुसार.

कागद वाचताना तारखेकडे नीट बघा. हुकूम १५ जानेवारीचा, म्हणजे नव्या कॅलेंडरने २८ जानेवारीचा. आणि त्या वर्षी कॅलेंडर बदलल्यामुळे रशियात ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. १ ते १३ फेब्रुवारी या तारखा तिथे नाहीतच, म्हणून या काळातली मुदत मोजताना हमखास १३ दिवसांची चूक होते.

२२ एप्रिल १९१८ पासून लाल सैन्यातल्या स्वयंसेवकाला किमान सहा महिन्यांची सेवा बंधनकारक झाली. ‘स्वयंसेवक आहे, वाटेल तेव्हा जाईन’ असे म्हणायची सोय त्यानंतर उरली नाही. मुदतीआधी निघून जाणे हा गुन्हा होता.