थेसालोनिकी ते स्कोप्ये : नावाच्या वादात अडकलेला रस्ता

ग्रीसमधील थेसालोनिकीहून उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथे बसने वा मोटारीने जायचे तर अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर भरते, आणि वाट बव्हंशी वार्दर नदीच्या खोऱ्यातून जाते. ऑटोमन राजवटीत ही दोन्ही शहरे एकाच साम्राज्यात होती; १८७० च्या दशकात ती रेल्वेनेही जोडली गेली. बाल्कन युद्धांनंतर १९१३ च्या बुखारेस्ट तहाने थेसालोनिकी ग्रीसकडे आणि स्कोप्ये सर्बियाकडे गेले व या खोऱ्याला सीमा आडवी आली.

खरा पेच मात्र १९९१ नंतरचा. युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेल्या नव्या देशाने ‘मॅसिडोनिया’ हेच नाव कायम ठेवले, आणि ग्रीसच्या उत्तर भागाचेही तेच नाव असल्याने त्यामागे भूभागावरचा दावा दडला आहे, असा आक्षेप अथेन्सने घेतला. फेब्रुवारी १९९४ मध्ये ग्रीसने व्यापारबंदी लादली आणि समुद्रकिनारा नसलेल्या शेजाऱ्याला थेसालोनिकीचे बंदर बंद झाले. १९९५ च्या हंगामी करारानंतर बंदी उठली. नावाचा प्रश्न लोंबकळतच राहिला.

त्याची झळ सीमा नाक्यावर सामान्य प्रवाशाला बसे. ग्रीक अधिकारी त्या देशाच्या पासपोर्टवर शिक्का न मारता तो वेगळ्या कागदावर उमटवीत, आणि मोटारींच्या नंबरप्लेटवरील ‘एमके’ ही मॅसिडोनियाच्या नावाची संक्षिप्त अक्षरे स्टिकर लावून झाकली जात. स्कोप्येनेही डिवचण्यात कसूर केली नाही : ग्रीक ज्याला आपला मानतात त्या प्राचीन मॅसिडोनियाच्या राजाचे, अलेक्झांडरचे नाव ग्रीसकडे जाणाऱ्या महामार्गालाच देण्यात आले. २०१८ च्या आरंभी पंतप्रधान झोरान झाएव्ह यांच्या सरकारने ते बदलून ‘मैत्री’ असे केले. त्याच वर्षी १७ जूनला प्रेस्पा सरोवराकाठी दोन्ही देशांत नावाबाबत करार झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव अमलात आले. सीमेच्या उत्तर मॅसिडोनियाकडील बोगोरोदित्सा नाक्यावरील पाटीही लगेच बदलली.

करारातील एक तरतूद लक्षणीय आहे. देशाचे ‘एमके’ हे संक्षिप्त नाव इतरत्र तसेच ठेवून ते फक्त वाहनांच्या नंबरप्लेटवर बदलण्याचे ठरले. नव्या प्लेटांवर ‘एनएमके’ आले. पासपोर्टची तपासणी मात्र टळलेली नाही : ग्रीस शेंगेन या, आपापसांतील सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात आहे, उत्तर मॅसिडोनिया नाही. त्यामुळे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेऊन ग्रीसच्या बाजूचा इव्झोनी नाका ओलांडून उत्तर मॅसिडोनियात गेलेल्या भारतीय प्रवाशाला त्याच व्हिसावर थेसालोनिकीला परतता येत नाही.