सूत रोखीने, चादर उधारीवर

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या यंत्रमाग कारखानदाराशी बोलायला बसलं, की मंदी हा शब्द बराच उशिरा येतो. आधी येतो दिवसांचा हिशोब. सुताचे पैसे लगेच द्यायचे, रंगाईवाला थांबत नाही, कामगाराचा पगार आठवड्याला. चादरीचे पैसे मात्र व्यापारी देईल तेव्हा. बाजार बरा असतो तेव्हा ही उधारी महिना-दीड महिन्यात फिटते. बाजार बसला की तीच तीन-चार महिन्यांवर जाते. माल विकलेला असतो, वहीत नफाही दिसत असतो, पण पुढचं बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्याचा रूळ, भरायला हातात पैसा नसतो. मग माग थांबतो.

सध्या मंदीवर उपाय म्हणून कर्जपुरवठ्याचे जे नवे मार्ग चर्चेत आहेत, ते समजून घ्यायचे तर पैसे जाणं आणि येणं यातलं हे अंतर आधी लक्षात घ्यावं लागतं. गेली दीडशे वर्षं प्रत्येक मंदीत या भागात एकच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे: पैसा सुटेपर्यंतचा भार कोणी उचलायचा?

सुरुवात शेतीपासून झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव कडाडले आणि युद्ध संपताच कोसळले. भाव चढे असताना दिलेलं कर्ज भाव पडल्यावर फिटेना. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळण्यापर्यंत वेळ आली. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जखतावर आकडा काहीही असो, मूळ रक्कम किती आणि व्याज किती हे उकरून पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, हप्ते बांधून देता येऊ लागले. सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कायद्याने जुनं कर्ज सैल केलं, पण नवं कर्ज कोण देणार हे ठरवलंच नाही. ती जागा भरायला 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा यावा लागला.

विणकरांची गोष्ट वेगळी होती. 1896-97 च्या दुष्काळात लोकांनी कापड घेणंच बंद केलं आणि सोलापूरचे हातमाग थंडावले. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या विणकराच्या हाताची बोटं पुन्हा धाग्याच्या कामाची राहत नाहीत. म्हणून इथे त्यांना त्यांच्याच धंद्यात मदत दिली गेली: सूत द्यायचं, मजुरी द्यायची, कापड ठेवून घ्यायचं आणि बाजार सुधारला की विकायचं. आज ज्याला खेळत्या भांडवलाची मदत म्हणतात, ती हीच. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते, कारण तिने मागही वाचवला आणि हातही.

मग आली गिरणी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, 1877 ची. तिच्या भोंग्यावर अख्ख्या शहराची घड्याळं चालायची. 27 ऑगस्ट 1949 ला ती बंद पडली. मालाचे ढीग साचले होते, पैसा अडकला होता, कारभारही बिघडला होता. हजारो कामगार एका दिवसात घरी बसले. केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये वटहुकूम काढून व्यवस्थापन ताब्यात घेतलं, त्याच वर्षी कायदाही केला. सरकारने नेमलेल्या संचालकांनी पैसा उभा करायला अग्रहक्काच्या शेअरवर उरलेले 50 रुपये भरा, अशी मागणी भागधारकांकडे केली. एक भागधारक न्यायालयात गेला. डिसेंबर 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भरपाई न देता कंपनीकडून तिची मालमत्ताच काढून घेतली गेली आहे, हे घटनेत बसत नाही. यानंतर 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीत, सार्वजनिक हितासाठी ठरावीक मुदतीपुरतं व्यवस्थापन ताब्यात घेण्याला संरक्षण देणारं कलम आलं. पुढे आजारी गिरण्या सरकारने चालवायच्या, या धोरणाला देशभर त्याचा आधार मिळाला. राज्यघटना शिकवताना हा खटला शिकवतात. सोलापूरच्या शाळांमध्येही तो सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सरकारी पैशाने गिरण्या काही वर्षं तगल्या. पण यंत्रं जुनी झाली होती, आणि पगारापुरता पैसा येत राहिला म्हणून माल खपत नाही. एकामागून एक भोंगे बंद झाले.

त्याआधी 1970 ते 73 चा दुष्काळ होऊन गेला. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे 72 ची आठवण इथे घरोघर आहे. रोजगार हमी योजनेबद्दल सगळ्यांना माहीत असतं, तिच्या पैशाची रचना मात्र विसरली जाते. 1975 साली व्यवसाय कर लागला तो या योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, राज्याने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून गावात मागेल त्याला काम द्यायचं. पगाराच्या पावतीवर ती कपात आजही दिसते.

गिरण्या गेल्यावर शहर तगलं ते घराघरांतल्या मागांवर आणि विड्या वळणाऱ्या बायकांवर. त्यांच्या दारात बँक आली नाही, भिशी आली. वीस जणी, दरमहा 2,000 रुपये, म्हणजे 40,000 चा डाव. लिलावाच्या भिशीत जिला नड असते ती 36,000 वर डाव उचलते, आणि सोडलेले 4,000 वीस जणींत 200-200 वाटले जातात. नड जास्त तेवढी बोली खाली. मंदी आली की एकाच महिन्यात चार-पाच जणींना डाव हवा असतो, बोली घसरत जाते. बाजाराची नाडी बघायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. पण भिशीची मर्यादाही इथेच आहे: सगळ्या जणी एकाच धंद्यातल्या असल्या, तर सगळ्यांची नड एकदमच येते.

आता आजच्या उपायांकडे येऊ. मे 2020 मध्ये आलेल्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेत शिल्लक कर्जाच्या 20 टक्के जादा कर्ज सरकारच्या पूर्ण हमीवर मिळालं. पण ज्याचं आधीच कर्ज चालू होतं त्यालाच. ज्याचा कारखाना खासगी पेढीच्या पैशावर चालतो, त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. 2006 चा लघुउद्योग कायदा 45 दिवसांत पैसे द्या म्हणतोच. एप्रिल 2024 पासून त्याला आयकराचा धाक जोडला गेला, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. आणि ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेत बिल बँकांसमोर ठेवून वटाव कापून आधीच पैसे घेता येतात. नाव नवं असलं तरी हुंडी वटवणं ज्याने पाहिलंय, त्याला हे ओळखीचं वाटेल.

अडचण एवढीच, की ट्रेड्सवर बिल चालतं ते खरेदीदाराने मान्य केल्यावर. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. टॉवेल एखाद्या मोठ्या कंपनीला जात असेल तर सोय झाली. पण चादर जाते ती गावोगावच्या दुकानदाराला, आणि तो तिथे नाही. शिवाय चादरीला हंगाम असतो: थंडी आणि लग्नसराई. पावसाळ्यात गठ्ठे गोदामात पडून असतात, तेव्हाही बँकेचा मासिक हप्ता चालूच असतो. शेतमाल तारण योजनेत गोदामातल्या तुरीवर सहा महिन्यांसाठी कर्ज मिळतं, तेही बाजार समितीत. चादरीच्या गठ्ठ्यावर तसंच कर्ज, आणि थंडी ओसरल्यावर फेडीची मुदत, एवढं जरी झालं तरी जून ते सप्टेंबर अर्धे माग बंद ठेवायची वेळ कारखानदारावर येणार नाही.