बाटलीत तळं मावत नाही

डमरूच्या आकाराचं एक तळं. बरोबर कमरेपाशी, जिथे ते अरुंद होतं, तिथे काठापासून काठापर्यंत आणि पृष्ठभागापासून तळापर्यंत एक मजबूत पडदा लावलेला. पडद्याच्या एका बाजूला गडद, स्वच्छ पाणी. दुसऱ्या बाजूला मटारच्या सारासारखं हिरवं, गढूळ पाणी. विमानातून काढलेला हा फोटो सप्टेंबर १९७३ मधला, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातला. तळ्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे : २२६. दोन्ही बाजूंना कार्बनसाठी साखर आणि नायट्रोजनसाठी नायट्रेट घातलं होतं. हिरव्या बाजूला फक्त एक गोष्ट जास्त होती, फॉस्फरस.

हा प्रयोग होता डेव्हिड शिंडलर यांचा (१९४०–२०२१). गोड्या पाण्याच्या अभ्यासकांनी आमच्या पिढीला खूप दिलं, पण शिंडलर यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो, कारण त्यांनी प्रश्न थेट तळ्यालाच विचारला.

साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडा आणि अमेरिका यांच्यामधलं एरी सरोवर 'मेलं' असं वर्तमानपत्रं लिहीत होती. शेवाळ बेसुमार वाढायचं, मरून तळाशी जायचं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवायचं. हे कशामुळे, यावर मोठा वाद होता. शहरांच्या सांडपाण्यातून आणि कपड्यांच्या पावडरीतून येणाऱ्या फॉस्फेटकडे, म्हणजे फॉस्फरसच्या क्षारांकडे, अनेक शास्त्रज्ञ बोट दाखवत होते. साबण उद्योगाच्या बाजूने बोलणारे म्हणत, खरा दोषी कार्बन. पुराव्यादाखल बाटल्या होत्या : तळ्याचं पाणी बाटलीत भरायचं, त्यात थोडं हे, थोडं ते घालायचं आणि शेवाळ कशाने वाढतं ते बघायचं. पण बाटलीत वारा नाही, गाळ नाही, मासे नाहीत. झाकण लावलं की वरची हवासुद्धा तुटते.

शिंडलर मिनेसोटातल्या बार्न्सव्हिल या छोट्या गावात वाढले. शिकायला गेले अभियांत्रिकी, पण उन्हाळी सुट्टीत एका सरोवर-अभ्यासकाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि वाट बदलली. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला, चार्ल्स एल्टन यांच्याकडे. निसर्गात कोण कोणाला खातं, या साखळीचा शास्त्रशुद्ध विचार रुजवणाऱ्यांपैकी एल्टन एक. त्यांची ही शिकवण शिंडलर यांना पुढे फार उपयोगी पडली.

१९६८ मध्ये कॅनडा सरकारने केनोरा गावाजवळच्या जंगलातली ५८ लहान तळी फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवली. आजूबाजूला शेती नाही, कारखाना नाही. तिथल्या कामाची धुरा शिंडलर यांच्याकडे आली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

पहिला मोठा प्रयोग तळं क्रमांक २२७ वर, १९६९ पासून. सुमारे ५ हेक्टरांचं आणि दहाएक मीटर खोल. ते मुद्दाम निवडलं, कारण त्याच्या पाण्यात विरघळलेला कार्बन अगदी कमी होता. कार्बनवाल्यांचं म्हणणं खरं असतं तर इथे शेवाळ वाढायलाच नको होतं. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस घातले, कार्बन मात्र घातला नाही. काही आठवड्यांत तळं हिरवंगार झालं. मग कार्बन आला कुठून? वरच्या हवेतून! पाण्यातून रेडॉन वायू किती वेगाने बाहेर निसटतो हे मोजून, कार्बन डायऑक्साइड किती वेगाने आत येत असेल याचा हिशेब मांडला गेला. शेवाळ कार्बन ओढून घेत होतं आणि आकाश तो पुरवत होतं. हे बाटलीत कसं दिसणार?

२२६ क्रमांकाच्या तळ्यातला पडदा त्यानंतरचा. आकडे आणि आलेख सगळ्यांना पटत नाहीत, तो फोटो पटला. कॅनडाने पावडरीतल्या फॉस्फेटवर १९७० मध्येच मर्यादा घातली होती, ती १९७३ मध्ये आणखी कडक केली. अमेरिकेतली अनेक राज्यंही पुढे त्याच वाटेने गेली.

मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो २२७ चा उत्तरार्ध. नायट्रोजनही कमी केला तर तळं सुधारेल का, हे बघायला १९७५ पासून नायट्रोजनचं प्रमाण घटवत नेलं आणि १९९० मध्ये पूर्ण थांबवलं. फॉस्फरस चालू ठेवला. तळं हिरवंच राहिलं. कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचे काही प्रकार हवेतला नायट्रोजन थेट वापरू शकतात. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच करतात, आणि आपल्याकडे भातखाचरात हे शेवाळ खत म्हणून सोडतात तेही याच गुणामुळे. या शेवाळाच्या माळेत मधूनच जाड भिंतीची एखादी पेशी असते. ती ऑक्सिजनला आत येऊ देत नाही आणि तिच्यातच नायट्रोजन पकडला जातो. म्हणजे नायट्रोजन तोडला की इतर शेवाळ मागे पडतं आणि नेमकं हे पुढे येतं. फॉस्फरसला हवेत असा साठा नाही, त्यामुळे तो आवरणं माणसाच्या हातात आहे. ३७ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खाड्या आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात नायट्रोजनही आवरावा लागतो, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण एका तळ्याला सदतीस वर्षं तोच प्रश्न विचारत राहणं! दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधनात हे जमत नाही.

तळं २२३ ची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. आम्लवर्षेचा परिणाम बघण्यासाठी १९७६ पासून त्यात दरवर्षी मोजून सल्फ्युरिक आम्ल घातलं. पाण्याचा सामू (pH; जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) ६.८ च्या आसपास होता, तो हळूहळू ५ पर्यंत आणला. प्रयोगशाळेत टाकीतल्या माशावर चाचणी करून ठरवलेल्या मर्यादेनुसार, सामू ५ पर्यंत उतरेतोवर ट्राउट मासे सुरक्षित असायला हवे होते. आम्लाने ते थेट मेलेही नाहीत. पण सामू ६ च्या जरा खाली जाताच तळाशी लाखोंनी असणारी बारीक कोळंबीसारखी जात संपली. मग ट्राउट ज्यांच्यावर जगायचे त्या लहान माशांची वीण थांबली. शेवंडीसारख्या कवचधाऱ्यांची कवचं नीट टणक होईनात. शेवटी ट्राउट उपाशी राहून काटकुळे झाले. वरून पाहणाऱ्याला तळं नितळच दिसत होतं. एल्टन यांच्याकडे जे शिकले, तेच इथे पाण्यात उतरलं होतं : जीव वाचला आणि त्याचा घास गेला, तरी तो जातोच.

१९८९ मध्ये शिंडलर कॅनडातल्याच अल्बर्टा विद्यापीठात गेले. १९९१ मध्ये पहिला स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला. निवृत्तीच्या वयात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अल्बर्टातल्या तेलवाळूच्या (जिच्यातून खनिज तेल काढतात ती वाळू) खाणींजवळचा बर्फ आणि अथाबास्का नदीचं पाणी तपासलं, आणि तिथली विषारी द्रव्यं सगळी निसर्गतः आलेली नाहीत, उद्योगातूनही येतात, हे २००९ आणि २०१० मध्ये दाखवलं. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने त्या ५८ तळ्यांच्या केंद्राचा पैसा बंद करायचं ठरवलं, तेव्हाही ते जाहीरपणे विरोधात उभे राहिले. २०१४ पासून ते केंद्र विनिपेगची एक स्वतंत्र संस्था चालवते.

भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी उजनीचं हिरवं पाणी बघितलेलं असतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तिथे पोचतं. साबण, मैला आणि शेतातलं खत यांतला फॉस्फरस धरणात येऊन गाळात बसतो. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. त्यामुळे वरून येणारं सांडपाणी उद्या पूर्ण शुद्ध झालं, तरी खालचा जुना साठा काही वर्षं शेवाळाला खाऊ घालत राहील. तो साठा किती आहे आणि दर उन्हाळ्यात त्यातला किती वर येतो, हे तिथल्या गाळातच, दरवर्षी, खूप वर्षं मोजावं लागेल.