चोविसाव्या दिवशी राजीनामा: बाहेरच्या पाठिंब्याचं गणित

20 ऑगस्ट 1979 रोजी लोकसभेची बैठक भरायची होती आणि पंतप्रधान चरणसिंगांना तिथे बहुमत सिद्ध करायचं होतं. पण इंदिरा गांधींच्या काँग्रेसने बाहेरून दिलेला पाठिंबा काढून घेतला. ते सभागृहात गेलेच नाहीत, राष्ट्रपतींकडे राजीनामा देऊन मोकळे झाले. 28 जुलैला शपथ आणि चोविसाव्या दिवशी राजीनामा! पंतप्रधान म्हणून संसदेला एकदाही सामोरं न गेलेले ते आपले एकमेव पंतप्रधान. 15 ऑगस्ट नेमका मधे आला म्हणून लाल किल्ल्यावरचं भाषण तेवढं त्यांना मिळालं.

या सरकारची गोष्ट एरवी महत्त्वाकांक्षा, फोडाफोडी आणि विश्वासघात याच चालीवर सांगितली जाते. ती खोटी नाही. पण स्वभावदोष बाजूला ठेवून नुसते आकडे मांडले, तरी हे सरकार टिकणं कठीणच होतं. आघाड्यांचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे आणि 1979 चा तो उन्हाळा-पावसाळा म्हणजे त्याला आयताच मिळालेला प्रयोग.

आधी घटनाक्रम. जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंच्या जनता सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी. ठराव आला आणि जनता पक्षाला आतूनच गळती लागली. राजनारायण आधीच बाहेर पडले होते, त्यांच्यामागे खासदारांची रीघ लागली. मतदानाची वाट न पाहता 15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी यशवंतरावांनाच विचारलं. त्यांना आकडा जमवता आला नाही. मग मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडूनही समर्थकांच्या याद्या मागवल्या. छाननीनंतर चरणसिंगांची यादी 262 ची भरली, मोरारजींची 238 ची.

542 जागांच्या सभागृहात पूर्ण बहुमताला 272 लागतात. म्हणजे 262 हा आकडाही बहुमताचा नव्हताच. त्यातच सत्तरच्या आसपास खासदार इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे. ते मंत्रिमंडळात येणार नव्हते, नुसता बाहेरून पाठिंबा देणार होते. ते वजा केले की हातात उरतात एकशेनव्वदच्या घरातले.

अशा वेळी कोणाचं वजन किती, हे जागा मोजून कळत नाही. 1954 मध्ये गणितज्ञ लॉइड शॅप्ली आणि अर्थतज्ज्ञ मार्टिन शुबिक यांनी ते मोजायची रीत सांगितली. समजा 100 जागांचं सभागृह आहे, पक्ष तीन: अ कडे 45, ब कडे 40, क कडे 15. बहुमताला 51. आता हे तिघे एकामागून एक आघाडीत येतात असं धरा. अ-ब-क, अ-क-ब, ब-अ-क, ब-क-अ, क-अ-ब, क-ब-अ असे क्रम सहाच होतात. प्रत्येक क्रमात ज्याच्या येण्याने बेरीज 51 च्या पुढे जाते, तो निर्णायक. करून पाहा, दर वेळी दुसरा येणाराच निर्णायक ठरतो. आणि दुसऱ्या जागी प्रत्येक पक्ष बरोबर दोनदा येतो. म्हणजे 45 वाल्याची ताकद एक तृतीयांश आणि 15 वाल्याचीही एक तृतीयांश! तिपटीने मोठा असूनही अ ला क पेक्षा रतीभर जास्त वजन नाही.

आता या निर्णायक पक्षाला मोबदला काय मिळतो ते पाहू. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी 1961 मध्ये मांडलेला अंदाज असा, की आघाडीत जो जितक्या जागा आणतो, साधारण त्या प्रमाणात त्याला सत्तेचा वाटा मिळतो. पुढे युरोपातल्या मंत्रिमंडळांवर तो ताडून पाहिला गेला आणि बऱ्यापैकी खरा उतरला. चरणसिंगांच्या मंत्रिमंडळातही त्याचं प्रतिबिंब दिसतं. इंदिराजींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसमधून आलेल्या यशवंतरावांना उपपंतप्रधानपद आणि गृह खातं, तर सी. सुब्रमण्यम यांना संरक्षण.

पण बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला खातं मिळत नाही. त्याचा मोबदला दुसरीकडूनच चुकता करावा लागतो. आणीबाणीतल्या प्रकरणांसाठी विशेष न्यायालयांचा कायदा त्याच वर्षी झाला होता आणि खटल्यांची टांगती तलवार इंदिराजींवर होती. पाठिंब्याची खरी किंमत तीच होती, असं तेव्हापासून बोललं जातं. ती चरणसिंगांनी मोजली नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं.

शिवाय सरकारात नसलेल्या पक्षाला सरकार पडल्याने गमवावं लागत नाही काहीच. मंत्री नाहीत, गाड्या-बंगले नाहीत, अपयशाची जबाबदारी तर नाहीच नाही. बाहेरचा पाठिंबा म्हणजे गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. कधी मोडायची, याचा हिशेब 1995 मध्ये आर्थर लुपिया आणि कारे स्त्रोम या राज्यशास्त्रज्ञांनी मांडला. निवडणुकीत जिंकू असं वाटलं म्हणून पक्ष लगेच सरकार पाडत नाहीत. आहे त्यात राहून किंवा नव्याने घासाघीस करून काय पदरात पडेल, तेही तोलतात. मंत्रिपद हातात असेल तर पारडं बहुधा टिकण्याकडे झुकतं. नोव्हेंबर 1978 मध्ये इंदिराजी चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकल्या होत्या, वारं फिरल्याची चिन्हं होती, आणि दुसऱ्या पारड्यात टाकायला चरणसिंगांकडे काही नव्हतं.

सरकारांचं आयुष्य मोजायला अभ्यासकांनी वैद्यकातली संख्याशास्त्रीय पद्धत उसनी घेतली आहे. उपचारानंतर रुग्ण किती काळ जगतात हे जसं अभ्यासतात, तसंच शपथविधीनंतर मंत्रिमंडळं किती टिकतात, हे पाहायचं. बहुमताच्या सरकारांपेक्षा अल्पमतातली सरकारं लवकर पडतात, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. वाद आहे तो कारणावर. एक गट म्हणतो, सरकारची घडणच त्याचं आयुष्य ठरवते. दुसरा म्हणतो, अचानक घडणाऱ्या घटना. मला घडणवाले जास्त पटतात. 7 नोव्हेंबर 1990 ला विश्वनाथ प्रताप सिंग सरकार 142 विरुद्ध 346 मतांनी पडलं आणि काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर चंद्रशेखर पंतप्रधान झाले. मार्च 1991 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, निमित्त काय तर राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवणारे हरियाणाचे दोन पोलीस! घटना म्हणाल तर घटनाच. पण दोन शिपायांमुळे जे सरकार जातं, ते कशानेही गेलं असतं.

जर्मनीने 1949 च्या राज्यघटनेत यावर उपाय केला: पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय आधीच्याला हटवताच येत नाही. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले ते एकाच मतदानाने. हा नियम इथे असता तर यशवंतरावांना ठरावासोबतच नाव द्यावं लागलं असतं, आणि नावावर एकमत होणं अवघडच होतं. पण मोरारजींनी आपणहून राजीनामा दिला तर काय, याचं उत्तर त्या नियमातही नाही.

पुंगी मोडणाऱ्याला दर वेळी फायदा झाला का? 1980 मध्ये झाला. इंदिराजींनी 353 जागा जिंकल्या. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले, पण महाराष्ट्रात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच. 1991 मध्ये काँग्रेसची सत्ता आली, पण बहुमताविना. 1997 मध्ये काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरींनी एकाच वर्षात दोन पंतप्रधानांचा, आधी देवेगौडा आणि मग गुजराल यांचा, पाठिंबा काढला. 1996 मध्ये काँग्रेसच्या जागा होत्या 140. 1998 च्या निवडणुकीत झाल्या 141, आणि मार्चमध्ये पक्षाने केसरींनाच अध्यक्षपदावरून हटवलं.