तीन वर्षं भात, आठ वर्षं सुशी: जपानी आचाऱ्यांच्या उमेदवारीची पार्श्वभूमी

सुशीच्या धंद्यात एक वचन पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं: भात शिजवायला तीन वर्षं, सुशी वळायला आठ. 2015मध्ये ताकाफुमी होरिए या उद्योजकाने या हिशेबाची जाहीर टर उडवली. सुशी शिकण्यात इतकी वर्षं घालवणारा माणूस मूर्खच, असा त्याचा सूर होता. त्याच सुमारास ओसाकात एक सुशीचं दुकान उघडलं. तिथली माणसं तीन महिन्यांच्या वर्गातून शिकून आलेली होती, आणि वर्षभराच्या आत ते दुकान उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलँ या फ्रेंच मार्गदर्शिकेत झळकलं. तारा मिळाला नाही, पण माफक दरात उत्तम खाणं देणाऱ्यांच्या यादीत नाव आलं. मग वाद पेटला. जुने उस्ताद म्हणाले, ही परंपरेची विटंबना आहे. तरुण म्हणाले, परंपरेच्या नावाखाली फुकट राबवून घेणं आता पुरे.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: ही अकरा वर्षांची उमेदवारी फार प्राचीन आहे. इतिहास पाहिला तर चित्र निराळं दिसतं. जपानी आचारी कुठून आला, किती वर्षं राबला आणि कशामुळे टिकला, हे दर पिढीत बदलत गेलं. ते बदललं आगीमुळे, भूकंपामुळे, युद्धामुळे, कायद्यामुळे, आणि सगळ्यात जास्त माणसांच्या टंचाईमुळे.

सुरुवात दरबारात होते. नवव्या शतकात क्योटोच्या राजदरबारात फुजिवारा नो यामाकागे नावाचे सरदार होते. शिजो हे पाककलेचं घराणं आपलं मूळ त्यांच्यापाशी नेतं. या घराण्याचा मान चुलीपेक्षा सुरीला होता. एका हातात सुरी, दुसऱ्यात धातूच्या लांब काड्या, आणि माशाला बोटही न लावता तो पाटावर कापून मांडायचा, असा विधी हे लोक पाहुण्यांसमोर करत. आजही काही देवळांतून तो दरबारी पोशाखात केला जातो. सुरीवाला सगळ्यांत वर, ही उतरंड पुढे व्यावसायिक स्वयंपाकघरांतही राहिली. पण दरबारी सुरीबहाद्दर आणि आजच्या उपाहारगृहातला आचारी यांच्यात सरळ वंशावळ काढायला जाऊ नये. मधे एदो शहर येतं.

एदो म्हणजे आजचं टोकियो, जपानी उच्चारात तोक्यो. 1657च्या प्रचंड आगीत या शहराचा मोठा भाग जळाला. ते पुन्हा उभं करायला कामगार लोटले, बहुतेक एकटे पुरुष. त्यांना रोज कुणीतरी जेवायला घालणं भाग होतं, त्यामुळे रस्त्यावरच्या खाण्याचा धंदा फोफावला. हाताने वळलेल्या सुशीचं श्रेय ज्याला दिलं जातं तो हानाया योहेई 1820च्या दशकात र्‍योगोकु भागात धंदा करत होता. लहानपणी तो तांदळाच्या व्यापाऱ्याकडे नोकर होता आणि नंतर बरेच उद्योग करून सुशीकडे वळला, असं सांगतात. म्हणजे ज्याच्यापासून हा प्रकार सुरू झाला असं मानतात, त्याने स्वतः कुणाकडे आठ वर्षं सुशी वळली नव्हती. त्याच काळात याओझेनसारखी श्रीमंतांची जेवणघरंही होती. याओझेनच्या मालकाने 1822पासून आपल्या पाककृतींची पुस्तकं छापून विकली. कृती लपवून ठेवायची असते हा नियम त्याला कुणी सांगितला नसावा.

खरी शिस्त बसली ती माणसं पुरवणाऱ्या दलालांमुळे. परंपरेबद्दल भरभरून बोलणारे लोक नेमकं हे सांगायचं टाळतात, म्हणून इथे जरा थांबू. मोठ्या जेवणघरांचे मालक आचारी एकेकटे नेमत नसत. शहरात आचाऱ्यांचे गट असत. त्यांना ‘हेया’ म्हणत. गटाचा प्रमुख, ‘ओयाकाता’, हा थेट मुकादमच. मालक त्याच्याकडे मागणी करायचा आणि तो मुख्य आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत अख्खी टोळी पाठवायचा. पोराची निष्ठा मालकाशी नव्हे, ओयाकाताशी. उद्या ओसाकाहून कानाझावाला जा म्हटलं की सुरी कापडात गुंडाळायची आणि निघायचं. मुख्य आचाऱ्याचं मालकाशी बिनसलं तर तो एकटा जात नसे. सगळं स्वयंपाकघर एका दिवसात रिकामं व्हायचं. मालक या प्रकाराला टरकून असत.

टोळीच्या आत पायऱ्या ठरलेल्या. सगळ्यांत खाली ‘ओइमावाशि’, म्हणजे सांगकाम्या: फरशी, भांडी, भाज्या धुणं, वरच्यांची धुणी. मग मासे साफ करणारा, भाजणारा, तळणारा. त्यांच्या वर शिजवण्या-उकळण्याचं काम बघणारा ‘निकाता’, ज्याच्या हातात चवीची जबाबदारी. आणि सगळ्यांत वर पाटासमोर उभा राहून कच्चा मासा कापणारा. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालचा सरकत नसे, त्यामुळे किती वर्षं लागणार हे कौशल्यावर जितकं, तितकंच वरच्याच्या तब्येतीवर अवलंबून. शिकवणं हा प्रकार नव्हताच. बघून चोरायचं, असा दंडक. त्यातही वरचे लोक चोरू देत नसत. तोक्योच्या इंपीरियल हॉटेलात 1939मध्ये लागलेले नोबुओ मुराकामी सांगत, की वरिष्ठ आचारी सॉसची रिकामी भांडी धुवायला टाकताना त्यांत साबणाचं पाणी ओतायचे, म्हणजे पोरांनी बोट फिरवून चव घेऊ नये.

मुराकामींची वाट त्या काळची नमुनेदार वाट आहे. आईवडील लहानपणीच गेले, प्राथमिक शाळा पुरी होण्याआधीच कामाला लागावं लागलं. पुढे युद्ध, मग सायबेरियातली कैद. परतल्यावर पुन्हा त्याच हॉटेलात. जपानमध्ये जिला ‘वायकिंग’ म्हणतात ती हवं तितकं वाढून घ्यायची पद्धत 1958मध्ये या हॉटेलाने आणली, ती बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1964च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या जेवणासाठी देशभरातून सुमारे 300 आचारी गोळा केले गेले. त्यांच्या प्रमुखांपैकी एक मुराकामी. तिथे त्यांनी साबणाचं पाणी ओतलं नाही. पाककृती सगळ्यांना वाटल्या, आणि ते आचारी आपापल्या गावी परतले तेव्हा त्या देशभर पोचल्या. टीव्हीवरही ते घरोघरच्या बायकांना हॉटेलातले पदार्थ उघडपणे शिकवत. माझ्या मते जपानी स्वयंपाकघरातली गुप्तता फोडणाऱ्यांत या माणसाचं नाव फार वर यायला हवं. मिशलँचे तारे मोजणाऱ्या याद्यांत ते सापडत नाही.

सुशीकडे परत येऊ. ही आज जपानची राष्ट्रीय ओळख असली, तरी हाताने वळलेली सुशी मूळची एकट्या एदोची. ती देशभर गेली त्याची दोन मोठी कारणं आपत्तीची आहेत. 1 सप्टेंबर 1923च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं. दुकानं गेली, आचारी आपापल्या गावी पांगले आणि तिथे त्यांनी तोक्योची सुशी सुरू केली. उलट दिशेने ओसाका-क्योटोचे आचारी तोक्योच्या रिकाम्या बाजारात शिरले. दुसरं कारण दुसऱ्या महायुद्धानंतरची अन्नटंचाई. 1947मध्ये सरकारने उपाहारगृहांवर कडक बंदी घातली. तोक्योच्या सुशीवाल्यांनी शक्कल लढवली: आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळावर मजुरी घेऊन प्रक्रिया करतो. एक गो, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ आणा, दहा नग सुशी घेऊन जा. ही तोडगावजा परवानगी इतर प्रांतांनीही उचलली, आणि स्थानिक सुशीचे प्रकार मागे पडून तोक्योचा नमुना सगळीकडे बसला. आजही सुशीचा एक ‘पूर्ण’ हिशेब दहा नगांच्या आसपास फिरतो तो यामुळेच, असं बरेच जण मानतात.

मग आली पन्नास आणि साठच्या दशकांची भरभराट. ईशान्येकडच्या गरीब खेड्यांतून नववी संपवलेली पोरं खास आगगाड्यांत बसवून तोक्योत आणली जात. अशी पहिली गाडी 1954मध्ये आओमोरीहून सुटली, शेवटची 1975मध्ये. वर्तमानपत्रं या पोरांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. त्यांतली कित्येक कारखान्यांत गेली, कित्येक सुशी, नूडल्स आणि खानावळींच्या माळ्यांवर राहायला आली. राहणं-जेवण मालकाकडे, हातखर्चाला थोडे पैसे, महिन्यातून एक-दोन सुट्ट्या. दहा वर्षं राबून मालक खूश झाला तर तो दुकानाचं नाव वापरायची परवानगी देई आणि भांडवलालाही हातभार लावी. अकरा वर्षांचा हिशेब या करारात बसतो. पंधराव्या वर्षी आलेला पोरगा सव्विसाव्या वर्षी लग्न करून दुकान थाटतो. मधल्या काळात मालकाला स्वस्त हात मिळतात. दोघांनाही परवडत होतं, म्हणून ते ‘परंपरा’ झालं.

जिरो ओनो हे नाव आता जगभर माहीत आहे. 1925 साली शिझुओका प्रांतात जन्म, सातव्या वर्षी गावातल्या खानावळीत कामाला. सुशीकडे ते वळले पंचविशी गाठल्यावर, आणि 1965मध्ये गिंझात स्वतःचं दुकान काढलं. 2007मध्ये मिशलँने तोक्योची पहिली मार्गदर्शिका काढली तेव्हा तीन तारे मिळालेल्या आठ ठिकाणांत त्यांचं दहा खुर्च्यांचं दुकान होतं. 2011च्या माहितीपटाने त्यांना जवळजवळ संत करून टाकलं. त्यांची तपश्चर्या खरीच आहे. पण सात वर्षांच्या मुलाला खानावळीत ठेवावं लागतं ते गरिबीमुळे, हे त्या भक्तिभावात बाजूला पडतं.

सरकारने या सगळ्यात हात घातला तो 1958मध्ये, आचाऱ्यांचा कायदा करून. ‘चोरिशि’, म्हणजे प्रमाणित आचारी, ही पदवी मिळवायचे दोन मार्ग ठरले: मान्यताप्राप्त शाळेत किमान एक वर्ष, किंवा स्वयंपाकघरात किमान दोन वर्षं काम करून परीक्षा. गंमत अशी, की उपाहारगृह चालवायला ही पदवी लागतच नाही. लागतो तो स्वच्छतेचा जबाबदार माणूस, आणि त्यासाठी एक दिवसाचा वर्ग पुरतो. फुगू हा विषारी मासा हाताळायचा असेल तरच स्वतंत्र परवाना हवा. तरीही कायद्याने एक मोठी गोष्ट घडवली: शाळा. योमिउरी वर्तमानपत्रातले माजी बातमीदार शिझुओ त्सुजी यांनी 1960मध्ये ओसाकात शाळा काढली. त्यांनी फ्रान्स पालथा घातला, तिकडच्या आचाऱ्यांना बोलावलं, पुढे ल्योंजवळ एका जुन्या गढीत शाळेची शाखाही उघडली. आता बारावी झालेला, मध्यमवर्गीय घरातला मुलगा फी भरून आचारी होऊ लागला. ओयाकाताची टोळी इथून खिळखिळी होत गेली.

माणसं मिळेनाशी झाली तसा यंत्रांचा मार्ग निघाला. ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहिला आणि 1958मध्ये सुशी पट्ट्यावर फिरवली. 1981मध्ये सुशी वळणारं यंत्र आलं. रामेनचा, म्हणजे रस्सेदार नूडल्सचा, रस्ता तर आधीपासूनच मोकळा. नोकरी सोडून पन्नाशीत नूडल्सचं दुकान काढणारे कारकून जपानमध्ये ठायी ठायी भेटतात. हिगाशि-इकेबुकुरोचे काझुओ यामागिशी यांनी आपली कृती येईल त्याला शिकवली आणि शेकड्याने शिष्य तयार केले. ते स्वतः आधी लेथवर काम करायचे.

काही जण देशाबाहेर गेले, आणि ते बहुतेक अपघातानेच. नोबु मात्सुहिसा शिंजुकूच्या एका सुशीघरात शिकले, 1973मध्ये पेरूला गेले, मग अर्जेंटिना, मग अलास्का. तिथलं दुकान उघडल्यावर थोड्याच दिवसांत जळून गेलं. लॉस एंजेलिसमध्ये नाव झालं ते त्यानंतर. हिरोशिमाचे मासाहारु मोरिमोतो यांना बेसबॉलपटू व्हायचं होतं. खांदा दुखावला म्हणून सुशीकडे आले आणि 1985मध्ये अमेरिकेला गेले. त्यांच्या नावाचं ‘वसाबी’ हे उपाहारगृह 2004मध्ये मुंबईच्या ताजमध्ये उघडलं. मुंबईतल्या पैसेवाल्यांची खऱ्या जपानी जेवणाशी ओळख पुष्कळदा तिथेच झाली.

क्योटोच्या जुन्या घराण्यांतला वारस मात्र वेगळ्या वाटेने जातो. बापाच्या हाताखाली तो शिकत नाही. त्याला दुसऱ्याच्या घरचा भात खायला पाठवतात. किकुनोइ या 1912 सालच्या जेवणघराच्या तिसऱ्या पिढीतले योशिहिरो मुराता कॉलेजात असताना फ्रान्सला गेले, नंतर नागोयात उमेदवारी केली आणि मग घरी आले. डिसेंबर 2013मध्ये युनेस्कोने जपानी जेवणाला वारशाचा दर्जा दिला, त्यामागे त्यांची बरीच धडपड होती. बायकांसाठी हा रस्ता कुठल्याच घराण्याने सहज उघडला नाही. त्यांचे हात गरम असतात, माशाला ते चालत नाहीत, हा युक्तिवाद एकविसाव्या शतकातही गंभीर चेहऱ्याने केला जातो. 2010च्या सुमारास तोक्योच्या अकिहाबारा भागात फक्त बायकांनी चालवलेलं सुशीचं दुकान उघडलं.

जपानचे व्हिसाचे नियम याहून अजब होते. परदेशी आचाऱ्याला काम मिळे ते त्याच्या देशाचं जेवण करण्यासाठी, तेही साधारण दहा वर्षांचा अनुभव दाखवून. म्हणजे भारतीय माणूस तोक्योत बटर चिकन करू शकत होता, पण जपानी सूप उकळायला त्याला नोकरी धरता येत नव्हती. जगभर जपानी जेवण पसरवायचं आणि ते शिकायला आलेल्याला दारातून परत पाठवायचं, हा विरोधाभास मुरातांसारख्यांनी लावून धरला, तेव्हा 2013मध्ये क्योटोपुरता अपवाद झाला. एप्रिल 2019पासून खानपान क्षेत्रासाठी वेगळा व्हिसा आला, पाच वर्षांच्या मुदतीचा. भारताने जपानशी या योजनेचा करार जानेवारी 2021मध्ये केला. 2023मध्ये पुढची पायरी जोडली: मुदतीचं बंधन नाही, कुटुंबही आणता येतं. त्यासाठी परीक्षा, बऱ्यापैकी जपानी भाषा आणि हाताखालच्या माणसांना दोन वर्षं कामाला लावल्याचा दाखला लागतो.