तणनाशक रानात किती दिवस टिकतं? थोडी पार्श्वभूमी

तणनाशकांपैकी २,४-डी आलं १९४० च्या दशकात, अ‍ॅट्राझीन १९५८ ला, ग्लायफोसेट १९७४ ला. त्या काळातलं फार उगाळत बसत नाही, कारण तेव्हा आपल्याकडं भांगलायला बायका मिळायच्या आणि खुरप्यावर भागायचं. वाळवा, पलूस, कराड भागात माणसं मिळेनाशी झाली तसा पंप घरोघरी आला, आणि मागच्या पिकाला मारलेलं पुढच्याला नडतं का हा प्रश्नही त्याच्याबरोबर आला.

सगळा घोळ अर्धायुष्य, म्हणजे औषध निम्म्यावर यायला लागणारे दिवस, ह्या शब्दानं घातलाय. अ‍ॅट्राझीनचं ते साधारण ६० दिवस धरतात. दुकानात ऐकू येतं "साठ दिवसात संपतंय", जरा हिशोबी माणूस दुप्पट करून १२० म्हणतो. दोन्ही चूक. ६० दिवसांनी निम्मं उरतं, १२० ला पाव, १८० ला आठवा हिस्सा. म्हणजे जूनअखेर मक्यात मारलं आणि ऑक्टोबरअखेर तिथंच हरभरा टोकला तर पाव हिस्सा अजून मातीतच. मका स्वतः ते पचवतो म्हणून कुणाला शंका येत नाही. आडसाली उसात हा त्रास कमी, रान दीड वर्ष अडकलेलंच असतं.

बरं, ते ६० पण सरासरी. औषध मोडायचं बरंचसं काम जिवाणूंचं, त्यांना ओल लागते, त्यामुळं जत-आटपाडीकडं पावसानं ओढ दिली की मोडणं रखडतं. दुसरा भाग सामूचा (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की विम्लधर्मी त्याचं माप), कृष्णाकाठच्या सामू ८ च्या वर गेलेल्या काळ्या रानात अ‍ॅट्राझीन जास्त टिकतं, महाबळेश्वरकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत लवकर मोडतं, सोयाबीनमधलं क्लोरीम्युरॉन पण तसंच. एकच आकडा सगळ्या तालुक्यांना कसा लागू होईल? त्यात वर्षानुवर्षं तेच मारलेल्या रानात जिवाणूंना त्याची चटक लागते आणि ते भराभर फस्त करतात, तसले जिवाणू १९९० च्या दशकात वेगळे पण काढलेत.

"टिकणं" हा शब्दही फसवा आहे. पॅराक्वाट हे तणनाशक वर्षानुवर्षं मातीत असतं पण चिकणमातीला इतकं घट्ट धरून बसतं की पुढच्या पिकाला सापडतच नाही.

युरोपनं २००४ ला अ‍ॅट्राझीन बंद केलं ते विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतंय म्हणून. आपल्याकडं मे २०२० ला २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात अ‍ॅट्राझीन आणि २,४-डी दोन्ही होती, शेवटी दोन्ही सुटली. २०२२ ला ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणवाल्यांनीच मारायचं असं ठरलं, रानात पंप कुणाच्या पाठीवर असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाजावाजा त्याचाच झाला, फेरपालटात नडणारं अ‍ॅट्राझीन नि सोयाबीनमधलं इमॅझेथापायर मागंच राहिलं.

रानात अ‍ॅट्राझीन उरलंय का ते घरच्या घरी बघायचं तर वरच्या चार बोटांची माती डब्यात भरून काकडी किंवा मोहरी टाका. अ‍ॅट्राझीन असेल तरी उगवण झकास होते, तिथंच माणूस फसतो, खरी पानं आल्यावर खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. माती मात्र बांधाकडेची पण घ्या, पंप वळवताना तिथं फवारा दुबार पडतो.